शाळेच्या बाकांची पेटी

१

उचल्या सकाळी चौथ्या रांगेपाशी गेला, त्याने आपला लांब हात पुढे केला, आणि तो तसाच थांबला. उचलायला तिथे काही नव्हतंच.

उचल्या हे यार्डातल्या चाकांवरच्या क्रेनचं लाडाचं नाव. ट्रकवरचा कंटेनर आगगाडीवर ठेवायचा आणि गाडीवरचा ट्रकवर, एवढंच त्याचं काम. पण ते थांबलं की डोंगराच्या अलीकडचं सगळं अलीकडे आणि पलीकडचं पलीकडे. कंटेनरला इथे पेटी म्हणत. चौथ्या रांगेच्या टोकाची पेटी, लहानशा घराएवढी, भरलेली, सील ठोकलेली, जागेवर नव्हती.

चालक खाली उतरला. अंधारात चप्पल शोधावी तसा पाय फिरवत तो मोकळ्या फरशीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. मग त्याने वर पाहिलं. वर आभाळ होतं.

"साहेब," ऑफिसच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "शाळेच्या बाकांची पेटी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये."

यार्डाचा साहेब चष्मा हातात धरून क्षणभर बसून राहिला. मग उठला आणि स्वतः जाऊन रिकामी जागा पाहून आला.

एरवी हरवली असती तर भरपाई, पत्रापत्री, आणि चार महिन्यांनी विसर. पण हे दिवस एरवीचे नव्हते. डोंगरातल्या रस्त्यावरून जाणारा अवजड माल काढून रुळांवर घालायचा, ट्रकने फक्त दारापासून यार्डापर्यंत आणि पलीकडच्या यार्डापासून दारापर्यंत धावायचं, असं सरकारचं नवं धोरण येऊ घातलं होतं. त्याची चाचणी या यार्डात चालू होती. अट साधी होती: चाचणीत आत आलेली प्रत्येक पेटी शेवटच्या गाडीपर्यंत पलीकडे पोचली पाहिजे. एक जरी गहाळ झाली तरी चाचणी नापास.

यार्डातल्या माणसांनी पोटच्या पोरीच्या लग्नासारखी ही चाचणी अंगावर घेतली होती. ती पास झाली की यार्ड राहणार, वाढणार, असं सगळे धरून चालले होते. आणि आता शेवटची गाडी तोंडावर असताना हे.

पोलीस आले. क्रेनशिवाय पेटी हलत नाही, क्रेन चालवणारे दोघे, त्यातला एक रजेवर गावाला. उरला हा. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुठे होतास, असं विचारल्यावर तो म्हणाला, "इथेच. डबा खात होतो." दोन कामगारांनी सांगितलं की तो त्यांना दिसला नव्हता.

साहेबाने त्याच्याकडून चावी काढून घेतली. पोलिसांनी बजावलं, "शेवटच्या गाडीपर्यंत पेटी सापडली तर ठीक. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे घेऊन ठाण्यात यायचं."

२

"मावशी, तो खोटं बोललाय. पण चोर नाहीये," चालकाची बायको म्हणाली.

तिला सातवा महिना होता. जिने चढून आल्यामुळे धाप लागली होती. समोर बसल्या होत्या दावेवाल्या बाई. रेल्वेच्या माल-दाव्यांच्या कचेरीत बाईंनी उभी नोकरी काढली होती. माल कुठे भिजला, कुठे फुटला, कुठे 'आपोआप' कमी झाला, हे शोधायचं. निवृत्तीनंतरही लोक त्यांना त्याच नावाने ओळखत. खुद्द त्यांची सूनही पाहुण्यांना सांगायची, "थांबा हं, दावेवाल्या बाई देवापुढे बसल्यात."

"आधी पाणी पी," बाई म्हणाल्या. "तू यार्डातल्या मुकादम मामांची मुलगी ना? केवढीशी होतीस. तुझ्या बापाच्या खांद्यावर बसून यार्डात यायचीस. मामा कसे आहेत?"

"गुडघे गेले. घराची पायरीसुद्धा धरून चढतात. जावयाला पोलिसांनी दम दिल्यापासून तर बोलतच नाहीत."

"जावई खोटं काय बोलला?"

तिने मान खाली घातली. "त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर दवाखान्यात होता. मला भोवळ आली होती. मागच्या कुंपणातून निघून आला, चावी क्रेनलाच ठेवून. कामावर असताना चावी सोडून जाणं म्हणजे नोकरीवर पाणी. म्हणून बोलत नाही."

"शहाणाच आहे. नोकरी वाचवायला तुरुंगात चाललाय," बाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. "गाडी किती वाजता?"

"आज संध्याकाळी."

बाईंनी देवाला हात जोडले, घाईत, चालता चालता. घरच्या माणसाला 'येते हं' म्हणावं तसे.

३

यार्डात पाऊल टाकलं आणि बाईंची पावलं आपोआप मंदावली.

इथे पूर्वी दोन रूळ भेटायचे. डोंगराकडून येणारा लहान रूळ आणि मैदानातून येणारा मोठा. लहान गाडी मोठ्या रुळावर जाईना, मोठी लहानावर येईना. मग जे काही डोंगर चढायचं किंवा उतरायचं, ते इथे माणसांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जायचं. धान्य, कापड, कौलं, शिवणयंत्रं, एकदा तर एका देवळाची भलीमोठी घंटा. ती नेताना हमालांनी तिचा लोळा फडक्यात गुंडाळला होता, देवाला जाग येऊ नये म्हणून. हे सांगताना ते हसायचे, पण गुंडाळला होता खराच.

गाडीला उशीर झाला की त्यांच्यातला एक म्हातारा पोत्यांच्या थप्पीवर बसून देवाची कथा गात गात सांगायचा. राजा वनात निघाला, राणी दारात उभी, आणि तेवढ्यात शिट्टी व्हायची. सगळे उठायचे. राणी दुसऱ्या दिवशीपर्यंत दारातच. बाई तेव्हा नव्याने नोकरीला लागल्या होत्या. तपासणी लवकर संपली तरी कथेसाठी रेंगाळायच्या.

मामा त्या टोळीचे मुकादम. त्यांचा आवाज अजून बाईंच्या कानात होता: "माल जमिनीला टेकवायचा नाही रे! खाली लाकूड घाला, लाकूड! जमीन मालाचं रक्त पिते!" पोतं असो नाहीतर पेटारा, आधी लाकडाच्या फळ्या, मग वर माल. दुसऱ्या यार्डांतून ओल लागल्याचे दावे ढिगाने यायचे. या यार्डातून बाईंना असा एकही दावा आठवत नव्हता.

मग कंटेनर आले. पाठींची गरज संपली. मामा मोठ्या मनाने क्रेन शिकले आणि पुढे इतरांना शिकवू लागले. त्यानंतर सगळीकडे फरशी झाली आणि कुठली पेटी कुठे ठेवायची हे पडद्यावर उमटू लागलं.

"आत यायचं तर पास लागेल," एक आवाज आला. मग तोच आवाज म्हणाला, "अगंबाई! तुम्ही होय!"

ही गेटवरची ताई. वजनकाटा तिच्या ताब्यात.

"ताई, पेटी बाहेर गेली असेल?"

"अशक्य. या गेटातून रिकामा ट्रकसुद्धा काट्यावर चढल्याशिवाय जात नाही. भरली पेटी गेली असती तर काट्याने बोंब मारली असती. काटा गप्प बसला असता तर मी मारली असती."

"तुझ्यावर विश्वास आहे. त्या दुपारी काही ऐकलंस?"

"जेवणाच्या सुट्टीत उचल्याचा आवाज आला खरा. मला वाटलं, जावईबापू लवकर कामाला लागले. पोलिसांना तेच सांगितलं." तिचा चेहरा उतरला. "बाई, माझ्यामुळे अडकला का हो तो?"

"दिसला होता का तुला?"

"नाही. नुसता आवाज."

"मग तू खरं तेच सांगितलंस. त्यांनी त्याला चेहरा चिकटवला."

बाहेर ट्रकांच्या रांगेपाशी एक आडदांड माणूस कुणावर तरी ओरडत होता. ओरडत नव्हता, त्याचं बोलणंच तसं होतं. घाटात ज्याचे सर्वांत जास्त ट्रक धावत, तो हा ट्रान्सपोर्टवाला. धोरणाविरुद्ध पहिला मोर्चा त्यानेच काढला होता, सगळ्या ट्रकांचे हॉर्न एकदम वाजवत. तेव्हापासून त्याचं नाव हॉर्न.

"आलात? या!" तो म्हणाला. "चोर समोर उभा आहे, धरा! सगळं गाव हेच म्हणतंय!"

"तुम्हीच सांगा, चोरलीत का?"

"अहो, चोरायचीच तर शाळेची बाकं चोरीन? त्यांचं काय लोणचं घालू? शेजारच्याच पेटीत टीव्ही होते!"

बाई थबकल्या. "शेजारच्याच?"

"माझ्याच ट्रकने आणलेले. आणि ऐका, मला आता चाचणी पासच व्हायला हवी आहे. घाटातली एक खेप करण्यापेक्षा यार्ड ते दुकान अशा चार खेपा परवडतात. ड्रायव्हर संध्याकाळी घरी जेवतात. त्यांच्या बायका माझ्या बायकोला दुवा देतात, आणि ती मला ऐकवते, बघा, तुमच्या मोर्च्याला देवाने यश दिलं नाही ते किती बरं झालं!"

बाईंना हसू आलं. पण मन दुसरीकडेच होतं. शेजारी टीव्ही सोडून ज्याने बाकं उचलली, त्याला माल नकोच होता. त्याला एक पेटी नाहीशी व्हायला हवी होती. कुठलीही एक. आणि त्यातल्या त्यात, जी चार दिवस उशिरा पोचली तर कुणाचं फार बिघडणार नाही, अशी.

हा कसला चोर, जो चोरी करताना दुसऱ्याची गैरसोय मोजतो?

४

जावई कुंपणाशी, कामगारांच्या बसायच्या जागी एकटाच होता. लाकडाचे जाडजूड काळे ठोकळे तिथे गोलाकार मांडले होते. त्यातल्याच एकावर बाई बसल्या.

"तुझ्या बायकोने सगळं सांगितलंय. दवाखान्याचंही."

त्याने डोळे मिटले. "मग संपलंच."

"काही संपत नाही. मला सांग, भरली पेटी रांगेबाहेर कुठे ठेवायची झाली तर तू कशी ठेवशील?"

"पडदा सांगेल तशी."

"पडदा बंद आहे, समज."

"मग जिथे जागा असेल तिथे. खाली आणायची आणि सोडायची. त्यात काय?"

"हे ठोकळे कसले रे? ज्यावर मी बसलेय?"

"रुळाखालचे जुने स्लीपर कापलेत म्हणतात. आम्ही चहाला बसतो त्यावर." त्याने आजूबाजूला पाहिलं. "आधी जास्त होते. कुणी नेले की काय. सासऱ्यांना विचारलं पाहिजे, त्यांच्या वेळचं सामान आहे."

"विचारलं नाहीस कधी?"

"ते सांगायला लागले की थांबत नाहीत हो," तो ओशाळून म्हणाला. "मी टाळतो."

बाई उठल्या आणि ऑफिसकडे चालू लागल्या.

साहेबाचं केबिन जुन्या मालधक्क्यावरच होतं. भिंतीवर नव्या धोरणाचा रंगीत नकाशा: डोंगर, त्यातून आरपार गेलेली जाड निळी रेघ, दोन्ही टोकांना दोन मोठे ठिपके. टेबलावर फोन. भिंतीच्या कडेने जुन्या कागदांची खोकी, आणि प्रत्येक खोक्याखाली लाकडाच्या दोन दोन पट्ट्या.

"बसा ना बाई," साहेब उठून म्हणाला. चाळिशी ओलांडलेला, कानाजवळ पांढरे केस. "किती वर्षांनी. तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

"मीही तुला या खुर्चीत बघेन असं वाटलं नव्हतं. मामा तुला धाकटा म्हणायचे ना?"

"अजून म्हणतात. चार माणसांत सुद्धा." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "जावयाचं वाईट वाटतं. पण माझ्या हातात काय आहे?"

"तो सुटावा असं वाटतं का तुला?"

"बाई! मामांच्या घरात मी जेवलोय. माझी आई गेली तेव्हा मामींनी मला चार महिने घरी ठेवून घेतलं. ते पोरगं माझ्या..." त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "सुटेल तो. मला खात्री आहे. थोडे दिवस जाऊ देत, पेटी सापडेल."

"थोडे दिवस?"

"म्हणजे, सापडतेच ना कधीतरी."

"गाडी तर आज संध्याकाळी आहे."

साहेब नकाशाकडे पाहत राहिला. "हो," तो म्हणाला. "आज संध्याकाळी."

५

यार्डाच्या अगदी टोकाला, जिथपर्यंत फरशी पोचली नव्हती, तिथे मोडीत काढायच्या पेट्या ठेवल्या होत्या. गंजलेल्या, कुणाचं दार निखळलेलं, कुणाला भोक पडलेलं. भंगारात जाणार म्हणून वेगळ्या काढलेल्या. भरलेल्या पेट्यांच्या रांगा पोलिसांनी दोनदा तपासल्या होत्या. पण इथे येण्याचं कुणाला काही कारण नव्हतं. मेलेल्यांमध्ये जिवंत माणूस शोधायला कोण जातं?

बाई गवतातून रांगेच्या कडेने चालल्या. मग लांब जाऊन उभ्या राहिल्या, डोळ्यांवर हात धरून.

सगळ्या पेट्या एका मापाच्या. सगळ्या चिखलात टेकलेल्या, काही तर जराशा रुतलेल्या. त्यांच्या माथ्यांची रेघ सरळ जात होती, आणि एका जागी ती वीतभर वर उचलली होती. जणू रांगेतलं एक पोर टाचा उंच करून उभं होतं.

बाई जवळ गेल्या, खाली वाकल्या.

पेटीच्या चारही कोपऱ्यांखाली स्लीपरचा एकेक काळा ठोकळा होता.

बाई तशाच गवतात बसल्या. शोध लागल्याचा आनंद त्यांना व्हायला हवा होता. उभ्या नोकरीत दर वेळी झाला होता. आज मात्र झाला नाही. थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले, उठल्या, आणि गेटवरच्या ताईला सांगितलं, "मामांना रिक्षाने घेऊन ये. जावयाला बोलाव. आणि साहेबाला म्हणावं, धाकट्याला दावेवाल्या बाईंनी बोलावलंय."

६

मामा काठी टेकत आले. जावयाने एका हाताने त्यांना धरलं होतं. साहेब सगळ्यांत शेवटी आला आणि मोडीच्या रांगेजवळ पोचण्याआधीच थांबला.

"ही पाहा," बाई म्हणाल्या.

जावई पेटीमागच्या फटीत शिरला, सरकत सरकत दारापर्यंत गेला. "सील तसंच आहे!" तो आतून ओरडला. "तीच आहे! मामा, तीच!"

मामांनी वर पेटीकडे पाहिलंच नाही. त्यांनी खाली ठोकळ्यांकडे पाहिलं.

"कळलं ना मामा?" बाई हळूच म्हणाल्या. "मला सांगायला लावू नका."

"सांगा," मामा म्हणाले. "पोरावर आळ आहे. सगळं मोठ्याने सांगा."

"पेटी गेटाबाहेर गेली नाही, म्हणजे ती आतच होती. शेजारचे टीव्ही सोडून बाकं घेतली, म्हणजे माल नको होता. आज संध्याकाळपर्यंत ती सापडू नये, एवढंच हवं होतं. आता, ज्याला लपवायचंय तो पेटी चिखलात सोडून देईल, शेजारणींसारखी, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. पण याने आधी चार ठोकळे वाहून आणले, चार कोपऱ्यांवर मांडले, आणि मग पेटी ठेवली. ती उंच दिसेल, आपण पकडले जाऊ, हे त्याच्या मनातच आलं नाही. पोरांची बाकं ओलीने फुगतील, एवढंच आलं. नव्हे, तेही मनात आलं नसेल. हाताने आपोआप केलं असेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

बाईंनी वाकून एका ठोकळ्यावर हात ठेवला.

"हे हात कोणाचे? जावयाचे नाहीत. त्याला हे ठोकळे चहाला बसायचे वाटतात. रजेवरचा चालकही फरशी झाल्यानंतर आलेला. मामांना पायरी चढवत नाही, क्रेन कुठली चढणार? पण मामांनी आणखी एकाला शिकवलं होतं. तो आता बूट घालतो, खुर्चीत बसतो, म्हणून त्याला क्रेन येते हे लोक विसरले. त्याच्या केबिनमधली कागदांची खोकीसुद्धा जमिनीला टेकलेली नाहीत."

साहेबाने चष्मा काढला. "मामा," तो म्हणाला. "मामा."

"का रे धाकट्या?" मामांच्या आवाजात राग नव्हता. त्याहून वाईट काहीतरी होतं. "पोरीचा नवरा आहे तो माझ्या. तिला सातवा चालू आहे."

"त्याच्यावर येईल असं वाटलं नव्हतं. देवाशपथ. दोन-चार दिवस पेटी दिसणार नाही, गाडी निघून गेली की मीच 'सापडली' म्हणणार होतो. पोलीस येतील, चावीवरून त्याला धरतील, हे सुचलंच नाही. आणि मग तोंड उघडलं असतं तर सगळंच..."

"पण का?"

साहेब जुन्या मालधक्क्याकडे पाहत बोलू लागला.

"मुख्यालयात बोलावलं होतं. तिथे नकाशा दाखवला. चाचणी पास झाली की डोंगरातून थेट गाडी. मैदानातल्या मोठ्या टर्मिनलवरून पलीकडच्या मोठ्या टर्मिनलवर. मध्ये कुठेही थांबायचं नाही. म्हणाले, मालाला जितके हात कमी लागतील तितकं स्वस्त, आणि स्वस्त झाल्याशिवाय ट्रकवाले रुळावर येणार नाहीत. हिशोब बरोबर आहे मामा, मला त्यात एक चूक काढता आली नाही. पण आपण म्हणजे तेच मधले हात. यार्ड पास झालं की यार्ड बंद. नापास झालं तर धोरण पुन्हा कपाटात, आणि आपण आणखी काही वर्षं इथेच." त्याने जावयाकडे पाहिलं. "कुणाला सांगायचं नाही, अशी तंबी होती. आणि इकडे तुम्ही रोज जीव तोडून काम करत होतात. पेटी वेळेत चढली की टाळ्या वाजवत होतात. ज्या फांदीवर बसलात तीच कापताय, हे बघत मी वर खिडकीत उभा. मला बघवेना."

वारा गवतातून गेला. लांब कुठेतरी इंजिन जोडल्याचा खटका ऐकू आला. संध्याकाळची गाडी लागत होती.

बाईंच्या लक्षात आलं की आता त्यांचं काम संपलंय आणि खरी गोष्ट त्यांच्या हातातून निसटलीय. पेटी सापडली, जावई सुटला. पण ती आज गाडीवर चढली तर यार्ड गेलं. उद्या सकाळपर्यंत ती इथेच, या गवतात राहिली, तर यार्ड राहिलं. चौघे नुसते गप्प बसले तरी पुरे.

त्या मामांकडे वळल्या. मामांनी जावयाकडे बोट केलं.

"मी म्हातारा. माझं यार्ड मी जगून घेतलं. तुझं पोट यावर आहे, घरात बाळ येतंय. तू बोल."

जावई बराच वेळ बुटाच्या टोकाने गवत उकरत राहिला.

"उद्या सापडली," तो सावकाश म्हणाला, "तर लोक म्हणतील, यानेच लपवली होती, घाबरून काढून दिली. ते एक. ते मी सोसेन." त्याने पेटीवर हात ठेवला. "पण चाचणीतल्या बाकीच्या सगळ्या पेट्या मी चढवल्यात. एकही आपटली नाही. आता हिच्यापायी सगळ्या नापास? मला नाही जमणार."

"नोकरी जाईल रे," साहेब म्हणाला.

"उचल्या मोठ्या टर्मिनलवर पण असतील. चालवणारे लागतीलच. तुम्ही लिहून द्या, साहेब, की मी चांगला चालवतो." मग त्याने हात पुढे केला. "चावी द्या. तुम्ही काढून घेतलीत."

साहेबाने खिशातून चावी काढली. ती देताना त्याने जावयाचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि सोडला. मग मामांसमोर येऊन उभा राहिला, शाळेत छडीसाठी उभं राहतात तसा.

मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काम वाईट केलंस," ते म्हणाले. "आता फोन कर आणि तुझ्या तोंडाने सांग. दुसऱ्या कुणाच्या तोंडून जायला नको."

"नोकरी जाईल त्याचीही," बाई पुटपुटल्या.

"जाईल," मामा म्हणाले. "जेवायला घर आहे त्याला. पूर्वीही होतंच."

७

उचल्या मोडीच्या रांगेकडे आला तेव्हा बातमी यार्डभर झाली होती. पेटी सापडली, एवढीच. बाकीचं अजून कुणाला ठाऊक नव्हतं. हातातलं काम टाकून माणसं धावत आली. गेटवरची ताई ओरडली, "हळू रे, हळू! बाकं आहेत, खडी नाही!" हॉर्नने बाहेरून आपले ट्रक मागे घेऊन रस्ता मोकळा करून दिला, आणि आनंदाने एवढा मोठा भोंगा वाजवला की मामांनी कानावर हात ठेवले.

जावयाने पेटी अलगद उचलली. चिखल, गवत, चार काळे ठोकळे खाली राहिले. पेटी फरशीवरून, रांगांमधून, जुन्या मालधक्क्याला वळसा घालून गाडीपाशी गेली, शेवटच्या मोकळ्या सपाट डब्यावर उतरली, आणि खिट्ट्या बसल्याचा आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मामांना मिठी मारली.

ऑफिसचं दार उघडं होतं. आतून साहेबाचा आवाज येत होता, स्पष्ट, न अडखळता. "हो. सगळ्या पेट्या गाडीवर आहेत. चाचणी पूर्ण झाली... नाही, चालकाचा काही संबंध नाही. ती मी हलवली होती... हो साहेब, मीच. मी इथेच बसलोय."

शिट्टी झाली. गाडी हलली, डोंगराच्या बाजूला वळली, आणि तिचा शेवटचा डबाही वळणाआड गेला.

टाळ्या थांबल्या होत्या. जावई क्रेनमध्येच बसून होता. मामा रुळांकडे तोंड करून उभे होते, बाई त्यांच्या शेजारी. कशाला ते न कळता बाकीचेही गप्प झाले.

गेटातून मामांची मुलगी आली, हातात नवऱ्याचा डबा. पोटावर हात ठेवून सावकाश चालत ती बापापाशी पोचली.

"बाबा, मिळाली ना?"

"मिळाली. गेलीसुद्धा."

"आणि हा?"

"सुटला. वर बसलाय बघ."

तिने वर पाहिलं, नवऱ्याने हात हलवला, आणि तिचा चेहरा उजळला. मग तिने सगळीकडे नजर फिरवली. "मग सगळे असे का उभे आहात?"

मामा अजून रुळांकडेच पाहत होते.

"पाहुणे गेले की आपण दारात थोडा वेळ उभे राहतो ना," ते म्हणाले, "तसं."

तिला ते पटलं असावं. तिने डबा खाली ठेवला आणि तीही बापाशेजारी उभी राहिली.